नाश किडीचा की कीडपणाचा?

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या शेतकऱ्याने पिकावर फवारणी करावी का? माउली, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो, पण उघड विचारायला संकोच वाटतो. एकीकडे भूतदया हा आपल्या संप्रदायाचा पाया. दुसरीकडे लेकराबाळांच्या तोंडचा घास. उत्तरेही दोन ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, शेतकरी अन्नदाता आहे, त्याला कसले पाप? कोणी म्हणतो, पाप आहेच, पण प्रपंचात नाइलाज आहे. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट न तपासता धरलेली आहे. ती ही, की मारले म्हणजे पीक वाचते.

तुकोबारायांची शेतराखणीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. महाराज पिकाच्या राखणीला बसले, पण पाखरांना हाकलेनात. मालक रागावला, प्रकरण पंचांपुढे गेले आणि शेवटी मोजले तेव्हा धान्य कमी भरले नाही. आपण ही कथा चमत्कार म्हणून ऐकतो आणि घरी येतो. महाराजांना साधले, आपल्याला कसे साधेल, असे म्हणून सोडून देतो. पण दया आणि रास यांचे वैर नसते, हे त्या कथेतले सूत्र अभ्यासकांना अगदी साध्या मोजणीतूनही सापडले आहे.

भाताचेच उदाहरण घेऊ. भातावर तपकिरी तुडतुडा पडतो. गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान कीटक, पण चुडाच्या बुडाशी बसून रस शोषतो आणि संख्या वाढली की शेतात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. सन १९७० नंतरच्या काळात आशियातल्या भातशेतीत याने हाहाकार उडवला. फवारण्या वाढल्या, तसा तुडतुडाही वाढला. फिलिपाईन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. त्या देशातल्या भातखाचरांत संशोधकांनी फवारलेली आणि न फवारलेली शेते शेजारी ठेवून कीटक मोजले. न फवारलेल्या शेतात तुडतुडे थोडे राहिले. फवारलेल्या शेतात ते कित्येक पटींनी वाढले.

असे का झाले? तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या देठात, आत खुपसून घालते. फवारा वरून जातो, अंडी सुरक्षित राहतात. पण पिलांना खाणारा कोळी आणि अंडी शोषणारा मिरीड ढेकूण उघड्यावर वावरतात, ते मरतात. काही दिवसांनी अंड्यांतून पिले बाहेर येतात, तेव्हा रानात त्यांना अडवणारा कोणी उरलेला नसतो. जो राखणदार होता, त्यालाच आपण आधी मारले.

इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि दोनच वर्षांत तुडतुड्याने पुन्हा घेरला गेला. तेव्हा तिथल्या सरकारने नोव्हेंबर १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. पुढे १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी आठवड्यातून एकदा बांधावर जमत, चूड वाकवून पाहत, तुडतुडे किती, कोळी किती हे मोजत आणि मग ठरवत. विष कमी झाले, पण देशाचे भात काही त्यामुळे बुडाले नाही.

त्यानंतर जावा बेटावर आणखी एक गोष्ट दिसली आणि ती फार विचार करण्याजोगी आहे. लावणी नुकती झालेली असते, किडीचा पत्ता नसतो, तेव्हाही खाचरात कोळी भरपूर असतात. ते जगतात कशावर? चिखलातल्या कुजक्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर पोसणाऱ्या चिलटांवर. ही चिलटे भाताला खात नाहीत, भाताच्या शत्रूलाही मारत नाहीत. आपल्या हिशेबात ती बिनकामाची. पण त्यांच्यावर राखणदार पोसला जातो आणि तुडतुडा येतो तेव्हा तो तयार असतो. लवकर केलेली फवारणी हा सारा पाया उखडून टाकते. आपल्या ज्वारीवरही असेच आहे. मावा मुळीच नसेल, तर मावा खाणारा ढालकिडा तिथे थांबेल कशाला?

म्हणजे कीड ही कीटकाची जात नव्हे. शेतात दहा-वीस तुडतुडे असणे ही कीड नाही. प्रमाण सुटले की त्याची कीड होते आणि ते प्रमाण बहुतेक वेळा आपल्याच हातून सुटते. ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे काय मागितले ते आठवा. त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा दुष्टपणा जावा, एवढेच मागितले. आपण हे माणसांपुरते समजतो. शेतातही ते तसेच लागू आहे. कीटक राहावा, कीडपण जावे.

यावर कोणी विचारील, कोळी तुडतुड्याला खातो, मग हिंसा टळली कुठे? ती टळली नाही. जिवावर जीव जगतो, हे देवाच्या घरचे आहे. पण कोळी भुकेपुरते खातो आणि त्याच्यापुढे दुसरी वाट नाही. आपण न पाहता, न मोजता, शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारतो. आपल्यापुढे वाट आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच आहे. त्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, त्याने मन फसते.

दुसरा प्रश्न अधिक खरा आहे. डोक्यावर कर्ज आहे आणि पीक डोळ्यांदेखत करपते आहे, त्याने काय करावे? अशा माणसाला दयेचे प्रवचन देणे हीच निर्दयता होईल. आपली कृषी विद्यापीठेही चुडामागे किडीची संख्या मोजायला सांगतात. ती मर्यादा ओलांडली, राखणदार कमी पडले, तर त्याने फवारावे, लागेल तेवढेच, तोंडाला फडके बांधून. त्याची माळ त्याने बाटत नाही. पण मोजण्याआधी फवारणे म्हणजे साक्षीपुरावा न घेता फाशी देणे. तिथे नाइलाजाचे नाव घेता येत नाही.

दया म्हणजे नुसता कळवळा नव्हे. कळवळ्याला डोळे हवेत. कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या आधाराने जगतो, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून दया करायची म्हटली तरी घडत नाही. सर्वांभूती भगवंत पाहावा, असे संतांनी सांगितले, त्यात ‘पाहावा’ हा शब्दही आहेच.

तेव्हा माउली, वारीहून परत आलात की पंप उचलण्याआधी एक सकाळ खाचरात काढा. दहा ठिकाणचे चूड वाकवून बुडाशी पाहा. तुडतुडे मोजा, कोळीही मोजा. जोंधळ्याच्या पानाखाली ढालकिडा दिसला तर हात आखडा. रानात पक्ष्यांना बसायला दोन काठ्या रोवा. एवढे पाहूनही फवारावे लागले, तर कोणाला मारतो आहोत हे जाणून माराल. आणि बहुतेक वेळा तुम्हाला दिसेल, की राखणीला आपल्याआधी कोणीतरी उभे आहे.

रामकृष्णहरी.