पूर, पाऊस आणि हृदयाची प्रतिमा

हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळते का, हे कोणत्याच प्रतिमेत थेट दिसत नाही. दिसते ते रक्तासोबत गेलेल्या द्रव्याचे चिन्ह. प्रवाह त्यावरून ताडावा लागतो. न्यायदर्शनात अशा ज्ञानाला अनुमान म्हणतात, आणि त्याचे जुने उदाहरणही वाहत्या पाण्याचेच आहे: नदीला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप येतो, की प्रवाह अडल्यानेही पाणी चढते. तसेच म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टणात कावेरी फुगली, तर कोडगूत पाऊस झाला असेल किंवा कृष्णराजसागर धरणाचे दरवाजे उघडले असतील. वेग, फेस, वाहून आलेली पाने-लाकडे यांसह आलेला पूरच पावसाची खूण ठरतो, असे भाष्यकार वात्स्यायनांचे उत्तर आहे.

स्पेक्ट तपासणी नुसती पातळी पाहणाऱ्यासारखी आहे. टेक्नेशियमयुक्त किरणोत्सर्गी द्रव्य स्नायूत साठते आणि सर्वांत उजळ भागाशी बाकीच्यांची तुलना होते. हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळा स्नायू सारखाच दिसतो आणि चित्र निरोगी भासते. उलट, श्वासपटलाने किरण अडवले की निरोगी भागही रोगी वाटतो. दोन्ही ठिकाणी हेतू (खूण) सव्यभिचार आहे, म्हणजे जे सिद्ध करायचे ते नसतानाही आढळतो.

पेट तपासणीत किरणांची ही घट दुरुस्त करता येते आणि दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते ते मोजता येते. फेस आणि पाने दिसू लागतात ती इथे. तरी हा आकडाही गणिती प्रारूपातून येतो. प्रत्यक्षाचा मान त्याला देता येत नाही. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, आणि स्नायूच्या आतल्या थरातील उणीव त्यात बारकाईने दिसते. सीटीत धमनीची रचना आणि प्रवाह एकत्र पाहता येतात.

भारतात तत्त्वचिंतन कुतूहलातून नव्हे, तर जीवनातील दुःखाच्या निकडीतून जन्मले, असे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील प्राध्यापक एम. हिरियण्णा यांनी 1932 च्या ग्रंथात मांडले. छातीत दुखणाऱ्या माणसापाशी ही निकड उघडच आहे. म्हणून दोन अनुमाने वेगळी ठेवणे अत्यावश्यक आहे. ‘प्रवाह कमी आहे’ हे एक. ‘म्हणून धमनी उघडल्यास आयुष्य वाढेल’ हे दुसरे, आणि त्याची व्याप्ती, म्हणजे खूण आणि निष्कर्ष यांचा अटळ संबंध, निराळी सिद्ध करावी लागते. 5,179 रुग्णांवरील ‘इस्केमिया’ चाचणीत (2020) स्थिर हृदयविकारात औषधोपचारासोबत सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके यांत लक्षणीय घट आढळली नाही. वारंवार छातीत दुखणाऱ्यांचा त्रास मात्र कमी झाला. डाव्या मुख्य धमनीत गंभीर अडथळा असलेल्यांना त्या चाचणीत घेतले नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही.