गाडी चालविणे हेही वेय्यावच्च



धम्मदीक्षा घेतलेल्या घरातून पहिली काही वर्षे एक प्रश्न हमखास कानी पडतो. देव्हारा काढला, टाक नदीत सोडले, नवस-सायास बंद झाले, अंगात येणे बंद झाले. मग आता पुण्य करायचे ते कुठे आणि कसे? पौर्णिमेला विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील घेतले, मेणबत्ती लावली, की संपले काय? हा प्रश्न बहुधा घरातली म्हातारी विचारते आणि तरुण मंडळी तिला हसून गप्प बसवितात. मला हे हसणे पसंत नाही. तिने आयुष्यभर उपासतापास केले ते कोणाचे तरी भले व्हावे म्हणूनच. रस्ता चुकीचा होता, पण तिची तळमळ खोटी नव्हती. तिला उत्तर मिळाले पाहिजे.

उत्तर आपल्या धम्मात आहे. पालि परंपरेत पुण्यक्रियेची दहा स्थाने सांगितली आहेत. दान, शील आणि भावना ही आपल्याला तोंडपाठ असतात. पण त्याच दहांत एक आहे वेय्यावच्च. वेय्यावच्च म्हणजे दुसऱ्याच्या कामी पडणे, त्याच्यासाठी अंगमेहनत करणे. त्याला पैसा लागत नाही, भिक्खू लागत नाही, मुहूर्त तर नाहीच नाही. आज मी एकाच वेय्यावच्चाविषयी बोलणार आहे. ज्याला गाडी चालविता येते त्याने वस्तीतल्या अडलेल्या माणसाला बिनभाड्याने दवाखान्यात, कचेरीत, परीक्षेच्या केंद्रावर पोहोचविणे, एवढाच आजचा विषय. विषय लहान वाटेल. पण आपल्या समाजाच्या इतिहासात गाडी कोण हाकणार, हा प्रश्न लहान कधीच नव्हता.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील गोरेगावला नोकरीला होते. भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर ते साताऱ्याहून आगगाडीने निघाले आणि मसूर स्टेशनात उतरले. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे! पुढे रात्र झाली, डबा जवळ असून पाणी मिळेना, मुले उपाशी निजली. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. दहा वर्षांच्या पोराच्या हातात कासरा आला तो हौसेने नव्हे, आपली गाडी हाकणारा या जगात कोणी नाही म्हणून.

दुसरा प्रसंग तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, पण तो नीट वाचला पाहिजे. २३ ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतील मंडळी स्टेशनावर आली, मुक्कामाचा आग्रह झाला. महारवाडा चालत जाण्याइतका जवळ होता. पण एवढ्या मोठ्या पाहुण्याने पायी जावे हे लोकांच्या मनाला पटेना. टांगेवाले तयार होईनात. घोड्याचा खरारा करणारा, पोटासाठी चाबूक हातात धरणारा माणूसही बॅरिस्टर आंबेडकरांना टांग्यातून न्यायला कमीपणा मानीत होता! अखेर टांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. थोडे अंतर जाताच एका मोटारीशी टक्कर होता होता राहिली. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

त्या बांधवांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोष जातीचा होता आणि ती पाळणाऱ्या टांगेवाल्यांचा होता. पण बाबासाहेबांनी तेथे जे लिहिले त्याचा आशय असा, की माझी प्रतिष्ठा राखण्यासाठी या लोकांनी माझा जीवच धोक्यात घातला. बंधूंनो, हे वाक्य आजच्या तरुणांना लागू आहे. प्रेम पुरत नाही, हात तयार असावा लागतो. लायसन नाही, ब्रेक ढिले आहेत, रात्री एकच दिवा लागतो आणि तरी 'चला आजी, मीच सोडतो' म्हणणारा उत्साही पोरगा चाळीसगावचीच चूक पुन्हा करतो, आणि आज त्याच्यावर तशी कोणाची सक्ती नसताना करतो.

आता आपल्या भोवती पाहा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचा आजार आहे, हे आता लपविण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्याला मध्यरात्री उठणारी कळ माहीत आहे. हाडे फुटल्यासारखी दुखतात, पोर किंचाळते. त्या वेळी बाप कोणाच्या दारात जातो? मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसवर जावे लागते, दर खेपेला चारेक तास. सरकारी योजनेतून उपचार मोफत मिळाला तरी जाण्यायेण्याचे भाडे मोफत नसते. परतताना तो माणूस इतका गळून गेलेला असतो, की एस. टी. च्या पायऱ्या चढवत नाहीत. मी शाळामास्तर आहे. आईबापाच्या अशा खेपांसाठी शाळा सोडलेली मुले मी हजेरीपटावर पाहतो. गैरहजेरीचे कारण वहीत 'घरकाम' म्हणून लिहिले जाते.

आणि त्याच वस्तीत अलीकडे दोन-तीन दारांपुढे चारचाकी उभ्या आहेत. कोणी नोकरीतून घेतली, कोणी कर्ज काढून टॅक्सीला लावली. ही आनंदाची गोष्ट आहे. अशोक विजयादशमीला या गाड्या निळे झेंडे लावून दीक्षाभूमीला जातात, हेही चांगलेच. फक्त एक विचारतो. वर्षातून एकदा नागपूरला जाणारी गाडी शेजारच्या मावशीसाठी तालुक्याच्या दवाखान्याकडे किती वेळा वळली?

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागत फिरत फिरत तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून बिछान्यावर निजविले. मग त्यांनी भिक्खूंना विचारले, याची सेवा तुम्ही का केली नाही? उत्तर आले, हा कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. तथागतांनी हे उत्तर मान्य केले नाही. आपल्याकडे हेच उत्तर रोज दिले जाते. 'त्याने माझ्या बहिणीच्या लग्नात हातभार लावला नाही.' 'तो मागच्या निवडणुकीत दुसऱ्या गटात होता.' 'दारुड्या आहे, मरू द्या.' गाडीत कोणाला बसवायचे याचा हिशेब जुन्या उपकारांवरून मांडला तर ती देवाणघेवाण झाली. तिला वेय्यावच्च म्हणता येणार नाही.

याहून अवघड गोष्टही बोलली पाहिजे. मातंग वस्तीतून हाक आली तर? वरच्या आळीतील ज्या घराने कालपर्यंत आपल्याला ओसरीवर चढू दिले नाही, त्या घरातील माणूस रस्त्यात पडलेला दिसला तर? काही जण म्हणतील, त्यांचे ते पाहतील. मी म्हणतो, मसूरच्या गाडीवानानेही तेच म्हटले होते. ज्याने जात विचारून गाडी थांबविली त्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या असल्या तरी त्याच्या गाडीत जुनाच धर्म बसलेला आहे. आपल्या गाडीत कोण बसतो एवढेच आपल्या हाती आहे. उद्या बसणाराच नको म्हणाला, तर ती अडचण त्याची.

नवदीक्षित घरांसाठी एक विशेष सूचना. पावसाळ्यात शेतावर साप चावतो आणि अजूनही काही घरांतील पाय आधी मांत्रिकाकडे किंवा देवळाच्या पारावर वळतात. तेथे तास-दोन तास जातात आणि माणूस जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांच्या विषावर एकच लस चालते आणि ती दवाखान्यातच मिळते. चावा कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला निजवून न्यावे. अशा वेळी गाडी चालविणाऱ्याने घरच्यांच्या भिडेला बळी पडू नये. 'एकदा बाबांच्या ठाण्यावर थांब' असे कोणी म्हटले तर गाडी थांबवू नये. शंभर प्रवचनांनी जी अंधश्रद्धा जात नाही ती रुग्ण जिवंत परत आल्यावर जाते.

पंचशीलाची कसोटी चाकावर बसल्यावर लागते. पाचवे शील तर उघडच आहे. ज्याने घोटभर घेतली आहे त्याने त्या रात्री किल्लीला हात लावू नये, कितीही निकड असो, दुसऱ्याला उठवावे. पहिले शीलही तेथेच आहे, कारण भरधाव गाडी प्राण घेते. दुसऱ्या शीलाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेणे कायद्यात बसत नाही आणि सेवेच्या नावाखाली पेट्रोलचे दुप्पट पैसे मागणे शीलात बसत नाही. ज्याला ऐपत आहे त्याने विहाराच्या दानपेटीत टाकावे, ज्याला नाही त्याने टाकू नये, आणि पेट्रोलचा खर्च पेटीतून वही पाहून द्यावा. कोणी किती टाकले हे चालकाला कळूच नये. कळले की वागणे बदलते. क्रोधाचेही तसेच. उफाळलेल्या रागाला तथागतांनी धम्मपदात भरकटलेल्या रथाची उपमा दिली आहे. पुढची एस. टी. वाट देत नाही म्हणून शिव्या घालणाऱ्याने ती गाथा काढून वाचावी.

काही जण पोलिसांच्या भीतीने अपघातातील जखमीला उचलत नाहीत. ही भीती आता ठेवू नका. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. विम्याचे मात्र पाहून घ्या. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीत बसलेल्या माणसाला भरपाई मिळेलच असे नाही. तेव्हा सेवेत घालावयाच्या गाडीचा विमा पूर्ण असावा.

आणखी एक. १०८ क्रमांकाची गाडी येण्यासारखी असेल तर आधी ती बोलवा. तिच्यात ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो. बाळंतिणीला घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी मोफत नेण्याची योजना २०११ पासून आहे. तो आपला हक्क आहे. गाडी आली नाही तर बाईला आपल्या गाडीतून न्या, पण दुसऱ्या दिवशी लेखी तक्रारही करा. आपण सेवा केली म्हणून सरकारची जबाबदारी माफ होत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला भीक मागावयास शिकविले नाही, तसे हक्क सोडावयासही शिकविले नाही.

हे सारे एकट्या-दुकट्याने होत नाही. त्यासाठी समुद्रापलीकडचे उदाहरण देतो. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ पासून निग्रो बांधवांनी शहरबसवर बहिष्कार टाकला. काळ्या माणसाने गोऱ्यासाठी जागा सोडावी, या नियमाविरुद्ध तो लढा होता. ३८१ दिवस तो चालला. हजारो माणसे रोज कामावर जाणार कशी? सुमारे तीनशे मोटारी लोकांनी स्वतः पुढे केल्या. चढावयाची आणि उतरावयाची ठिकाणे ठरली, वेळा ठरल्या. पोलिसांनी चालकांना बारीकसारीक कारणांवरून दंड केले, विमा कंपन्यांनी मोटारींचे विमे रद्द केले, तेव्हा थेट लंडनहून विमा मिळविला. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपले लक्षावधी लोक दीक्षा घेत होते, त्या दिवशीही तिकडे त्या गाड्या धावत होत्या. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने गाड्यांची ती व्यवस्था बंद पाडली. लोक महिनाभर पायी चालले, पण निकाल लागून अंमल होईपर्यंत बसमध्ये चढले नाहीत.

आपल्या विहाराला तीनशे गाड्या नकोत. दोन चांगल्या गाड्या, चार परवानाधारक चालक आणि एक वही पुरे. वहीत कोणाची पाळी कोणत्या वारी, रात्रीचा फोन कोणी घ्यावयाचा, डायलिसिसचे रुग्ण कोण, सिकलसेलची घरे कोणती, कोणत्या बाईचे दिवस भरत आले, हे लिहिलेले असावे. आजाऱ्यांची नावे असलेली ती वही पानठेल्यावर फिरू नये, विहाराच्या कपाटात कुलपात राहावी.

आणि चार चालकांत दोन तरी मुली असाव्यात असे मला वाटते. कळा देणाऱ्या बाईला रात्री परक्या पुरुषापेक्षा बाईची सोबत बरी वाटते. माँटगोमेरीत जो ॲन रॉबिन्सन ही कॉलेजात शिकविणारी बाई स्वतः गाडी चालवीत होती. तिच्या मोटारीवर तेजाब ओतण्यात आले, तरी तिने फेऱ्या सोडल्या नाहीत. आपल्या मुली पदवीधर होत आहेत, पण गाडी शिकावयाची म्हटले की घरातून प्रश्न येतो, 'तुला कशाला?' उपासकांनो, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला शिकाऊ परवाना मिळतो, तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर तिला पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. वर्षावासात विहारात माणसे जमतातच. त्या तीन महिन्यांत ज्या घरात गाडी आहे त्या घराने शेजारच्या एका मुलीला सकाळी तासभर मोकळ्या मैदानावर शिकवावे. दिवाळीपर्यंत वहीत तिचे नाव लिहिता येईल.

जयभीम.