साडेसात सेंटिमीटर कुठून आले?

लाटेकमध्ये दोन तक्ते शेजारी-शेजारी बसवायचे असले की बहुतेक जण प्रत्येकाला मजकुराच्या रुंदीचा 0.48 भाग देऊन मोकळे होतात. मजकूर 16 सेंटिमीटर रुंद असेल तर मध्ये 0.64 सेंटिमीटर फट उरते. ती तेवढीच का, याला उत्तर नाही, कारण ती कोणी ठरवलेलीच नसते. मला मध्ये 1 सेंटिमीटर हवा असेल तर मी तसेच लिहावे: रुंदीतून 1 सेंटिमीटर वजा, उरलेल्याचे दोन भाग. उद्या तेच पुस्तक लहान आकारात काढायचे ठरले, मजकूर 11 सेंटिमीटरवर आला, तरी तक्ते आपोआप 5-5 सेंटिमीटरचे होतात. ज्याने हाताने हिशेब करून 7.5 लिहून ठेवले, त्याचा दुसरा तक्ता आता ओळीत मावत नाही. हिशेब त्याचाही बरोबरच होता. पण तो डोक्यात राहिला, फाइलमध्ये उतरले फक्त उत्तर. पुढे ती फाइल हाती घेणाऱ्या सहलेखकाला ते साडेसात कुठून आले हे कसे कळावे?

पूर्वी हे सरळ लिहिता येत नसे. आधी रुंदी एका लांबीत साठवायची, मग तीत उणे 1 सेंटिमीटर मिळवायचा, मग तिची निमपट करायची. क्रेस्टेन क्राब थोरुप आणि फ्रँक जेन्सेन यांच्या कॅल्क पॅकेजने सगळे एका ओळीत आणले. लाटेक ज्यावर चालते त्या टेक इंजिनाचा विस्तार असलेल्या ई-टेकने तर डाइमएक्सप्र ही आज्ञा इंजिनातच दिली.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लांबी ठरवताना सूत्राचे उत्तर तिथल्या तिथे काढले जाते आणि साठते ते उत्तरच. पुढे रुंदी बदलली तरी ती लांबी जुनीच राहते. म्हणून मी सूत्र मॅक्रोत ठेवतो. वापराल तिथे ते नव्याने मोजले जाते.

अचूकतेची चिंता नको. डोनाल्ड क्नूथ यांनी टेकमध्ये पॉइंटचे 65536 भाग करून लांबीचा हिशेब पूर्णांकांत ठेवला. भागाकारात एखादा कण हरवला तर तो साधारण साडेपाच नॅनोमीटरचा असतो.

चिंता करावी ती लवचीक अंतरांची. परिच्छेदांमधले अंतर 6 पॉइंट, गरजेनुसार 2 पॉइंट ताणणारे आणि 1 पॉइंट आकसणारे, असे ठेवता येते. त्याच्या आधी गुणक म्हणून 0.5 लिहिले की हाती नुसते 3 पॉइंट येतात. ताण आणि आकस दोन्ही गळतात, आणि टेक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ई-टेकचीच ग्लूएक्सप्र ही आज्ञा वापरून तेच अंतर 2 ने भागले तर 3 पॉइंटांसोबत 1 पॉइंटाचा ताण आणि अर्ध्या पॉइंटाचा आकसही शाबूत राहतो.