आधी डाळ संपवा

पंगत थांबवा. मागच्या ओळीतले चौघे, उभे राहा. या पोरीने घरून तरोट्याची भाजी आणली म्हणून हसलात? ‘गरिबाची भाजी’ म्हणालास, मी ऐकलं. तुझ्या खिशात काय आहे? काढ. पाच रुपयांचं पुडकं! चौथीत आहेस ना, मग पुढचं चित्र काय बघतोस, मागची बारीक अक्षरं वाच. इंग्रजीत आहेत म्हणून सुटलास असं समजू नकोस, मी मराठीत सांगते. जो जिन्नस सगळ्यांत जास्त, त्याचं नाव आधी छापायचं, असा नियम आहे. पीठ, मग पामतेल, मग मसाला आणि मीठ. यात भाजी कुठं दिसली तर मलाही दाखव.

शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी ठरलेली आहे. तुम्ही डाळ-भाजी कडेला सारता, भात तेवढा चिवडता आणि उरलेलं शाळेमागच्या कोंबड्यांना. कोंबड्या तुमच्याहून शहाण्या!

सकाळी उपाशीपोटी कोरा चहा ढोसायचा आणि प्रार्थनेत भोवळ येऊन पडायचं. पाल्यातलं लोह चहा अंगी लागू देत नाही. लिंबू-आवळा लागू देतो. परीक्षेत हेच लिहून गुण घेतलेत ना? आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी गालात दडवून बाहेर थुंकणारा कोण, तेही मला ठाऊक आहे. सिकलसेलचं दुखणं मात्र निराळं. ते भाजीने जात नाही, त्याला रक्ताची तपासणी लागते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो आजार घरोघरी माहीत आहे, तेव्हा तपासणीच्या दिवशी पळून जायचं नाही.

धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा तुमचा जन्मही नव्हता. मोठ्या माणसांनी जंगलासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायचे आणि तुम्हाला त्यातल्या पाल्याची लाज!

उद्या प्रत्येकाने आजीला विचारून एक रानभाजी लिहून आणायची. केव्हा निघते, कशी ओळखायची, कशी शिजवायची, सगळं. बांबूचे वास्ते चालतील, मोहफुलं चालतील. सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, मात्र स्वतः तोडून तोंडात घालायच्या नाहीत, आधी जाणत्याला दाखवायच्या. तरोट्याचं तू लिहिशील, आणि तिला विचारून लिहिशील.

पुडकं टेबलावर ठेव. मावशी, याला अजून एक डाव डाळ वाढा.