शुक्रवारची निवड

शुक्रवार आला की पुष्कळ घरांत एक लहानसा वाद उभा राहतो : या आठवड्यात कोणता नवा चित्रपट पाहावा? आपल्यापैकी बहुतेक पालक हा वाद प्रमाणपत्रावर सोपवून मोकळे होतात. 'यू' असेल तर निर्धास्त जावे, 'ए' असेल तर मुलांना घरी ठेवावे. २०२४ च्या नियमांनी 'यूए' वर्गाचेही ७, १३ व १६ वर्षे असे तीन भाग केल्यामुळे हे काम अधिकच सोपे झाले आहे.

परंतु चित्रपट आपल्याला कोणाच्या शेजारी बसवतो, हे प्रमाणपत्र सांगत नाही. एकही अश्लील शब्द नसलेले कितीतरी विनोदी चित्रपट तोतऱ्या माणसावर, सावळ्या मुलीवर, मोलकरणीच्या बोलीवर आपल्याला हसवतात, आणि 'सहकुटुंब पाहण्यासारखा' म्हणून आपणच त्यांची शिफारस करतो. हिंदी पडद्यावरचा, हातात बाटली घेऊनच वावरणारा ख्रिस्ती पाहिला की आपल्याला राग येतो. तो रास्तच आहे. पण दुसऱ्याची थट्टा चालते तेव्हा तो कोठे जातो? माझ्या मते असे 'स्वच्छ' चित्रपट अधिक हानी करतात, कारण डोळ्यांवर आपण पहारा ठेवतो, हसण्यावर ठेवत नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आठवून पाहा. डुकरे पकडण्यासाठी जब्याचे कैकाडी कुटुंब जिवाच्या आकांताने धावत असते आणि गावकरी गंमत पाहत हसत असतात. त्या पाहणाऱ्यांत खुर्चीवर बसलेले आपणही असतो. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्याच दिशेने येतो. चित्रपट पाहून बाहेर पडताना मन प्रसन्न होत नाही, हे खरे.

मग आठवडाभर राबून थकलेल्या माणसाने करमणूक शोधू नये काय? अवश्य शोधावी, हसणे ही देणगीच आहे. मात्र पडद्यावरचे चित्र पडद्यावर राहत नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला, तेव्हा त्यांच्या मनःचक्षूंपुढे श्रीकृष्ण उभा राहिला, आणि त्या ध्यासातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. आपली मुलेही चित्रगृहातून काहीतरी घेऊन घरी येतात.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला पाहून पुढील खेळ ठरतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या वाचकांना हे सांगणे नको. तेथे मराठी चित्रपट आला तरी बहुधा मोजक्याच खेळांपुरता. 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणेपर्यंत तो उतरलेला असतो. शनिवारी सकाळचा गैरसोयीचा खेळ असला, तरी तिकिटे आजच काढावीत. परतताना मुलांना विचारावे, यात हसे कोणाचे झाले? मोठ्यांपेक्षा मुले याचे उत्तर लवकर देतात.