नोंद कुणाची, चूक कुणाची

ऊसपट्ट्यातल्या माणसाला नोंदीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. कोपरगाव तालुक्यात सहकारी साखर कारखाने दोन, एक कोळपेवाडीचा आणि दुसरा संजीवनी. त्यांच्या भोवती ज्या पिढ्या वाढल्या त्या लागणीच्या तारखेवरून भांडत वाढल्या. तारीख आधीची लागली तर तोड आधी मिळते, तोड आधी मिळाली तर रान वेळेत मोकळं होतं. म्हणूनच चिटबॉय, म्हणजे कारखान्यातर्फे लागणीची नोंद घेणारा, हा गावातला वजनदार माणूस. गोदावरीच्या कालव्याच्या पाण्याचंही तेच. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज वेळेत गेला नाही तर पाळी आपल्या बांधावरून पुढे निघून जाते. कागद, तारीख आणि ती लिहिणारा हात यांचं राजकारण इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. डिजिटल विषमतेवर विद्यापीठांतून जे संशोधन होतं ते वाचताना मला हेच राजकारण आठवत राहतं, आणि त्या संशोधनात ते पुरेसं सापडत नाही.

या अभ्यासाची सुरुवात मोजणीने झाली. कुणाकडे कॉम्प्युटर आहे, कुणाकडे नाही, एवढाच प्रश्न नव्वदच्या दशकात होता. पुढे २००२ साली एस्टर हारगिटाय या संशोधक बाईंनी न्यू जर्सीतल्या ५४ जणांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, काही गोष्टी शोधायला सांगितल्या आणि कुणाला किती वेळ लागतो ते पाहिलं. यंत्र सगळ्यांसमोर होतं, पण जमण्यात फार फरक पडला. तेव्हापासून प्रश्न ‘आहे का’ वरून ‘येतं का’ वर आला. डच समाजशास्त्रज्ञ यान फान डाइक यांनी त्यात आणखी पायऱ्या घातल्या: इच्छा, साधन, कौशल्य, वापर. काम मोलाचं आहे. पण पडद्यासमोर एकटा माणूस बसलेला आहे, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे फोन घराचा असतो, नंबर थोरल्या मुलाच्या नावावर असतो आणि काम सेतू केंद्रवाला ‘ऑनलाइन करून’ देतो.

याचा महाराष्ट्रातला सगळ्यात बोलका पुरावा उसाच्याच गावांतून आला. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संकुलाभोवतालची कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं ‘वायर्ड’ करायचं ठरलं. केंद्र, राज्य आणि सहकारी संस्था तिघांचा पैसा होता, पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाची कल्पना होती. बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, जमिनीचे उतारे, सगळं गावातल्या केंद्रात मिळणार होतं. प्रत्यक्षात केंद्रं चालली ती वारणेच्या साखर कारखान्याच्या हिशेबावर: ऊस किती गेला, तोडीची परवानगी आली का, खत किती उचललं. कळफलकावर बोटं शेतकऱ्याची नव्हती, केंद्र चालवणाऱ्याची होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन केंद्राचे लोक तिथे गेले. त्यांनी सात गावांत आठ महिने कॉम्प्युटर बाजूला ठेवून साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. ते स्वस्त पडलं, सोयीचं ठरलं आणि शेतकऱ्यांना अधिक आवडलं. या चमूतले केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये पुस्तकच लिहिलं: तंत्रज्ञान समाजात आधी जे असतं तेच वाढवतं, बळ असेल तर बळ, खोट असेल तर खोट.

वारणेला जे चाललं ते का चाललं, हा भाग मात्र चर्चेत मागे पडतो. तिथे संस्था आधीपासून होती आणि नोंद चुकली तर जाब कुणाला विचारायचा ते शेतकऱ्याला ठाऊक होतं. यंत्र बदललं तरी जाब विचारण्याची जागा हलली नाही.

आता ई-पीक पाहणीकडे पाहू. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद घेई, पुष्कळदा चावडीत बसूनच घेई, आणि सोयाबीनच्या जागी मका लिहिला तर लोक त्याला चारचौघांत बोल लावत. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर जायचं, मोबाइलच्या अॅपमध्ये गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. कल्पना वाईट नाही. आपल्या पिकाची साक्ष आपणच देण्यात मान आहे. पण रेंज नाही, सर्व्हर बंद, फोटो चढत नाही, आणि मुदत गेली की ‘शेतकऱ्याने नोंद केली नाही’ असा अर्थ निघतो. सरकारी कारकुनाचं काम बिनपगारी शेतकऱ्याकडे आलं, आणि कामाबरोबर चूकही आली. मला डिजिटल विषमता दिसते ती इथे. पाच एकर ऊसवाल्याचा मुलगा पुण्यात असतो, तो फोनवरून निस्तरतो. अर्ध्या एकरवाला शंभर-दोनशे रुपये मोडून केंद्रासमोर उभा राहतो. दोघांकडे फोन आहे, सर्वेक्षणात दोघे एकाच रकान्यात.

बायकांच्या बाबतीत हे आणखी उघडं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के होत्या, पुरुष ४८.७. अशा समाजात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये आली, आणि तिच्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. दरमहाचे १५०० रुपये बाईच्या खात्यात, पण एक ओटीपी पुरुषाच्या फोनवर. ज्यांचा नवरा नाही, बापही नाही, त्यांनी काय करायचं, याची सोय नंतर झाली. मुदतही वाढवावी लागली. अर्जात एक सक्तीचा रकाना घालताना कुणीतरी कुटुंबाची व्याख्या करून टाकली होती, तीही कुठल्याच सभागृहातल्या चर्चेविना.

इंटरनेटच्या कारभाराचा विषय निघाला की आपण जिनिव्हाच्या परिषदा, डोमेन नावं, मोठ्या कंपन्या यांच्याबद्दल बोलतो. त्यातही जनतेला बोलायला वाव मिळालेला आहे. ठरावीक संकेतस्थळंच फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’चा वाद झाला तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायने मतं मागवली, लाखो लोकांनी ती पाठवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी आली. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला आपण थांबवू शकलो. गावातल्या अॅपमधल्या एका तारखेवर हरकत घ्यायची तर पत्ता सापडत नाही. तलाठी म्हणतो वरून आहे, वरचे म्हणतात सिस्टीमच घेत नाही, आणि सिस्टीमला ना टेबल असतं ना खुर्ची.

माणसांना ‘साक्षर’ करण्याच्या मोहिमा चालू द्याव्यात, पण त्याने हे सुटणार नाही. सत्तर वर्षांच्या आजीने ओटीपी शिकावा ही अपेक्षाच मला उद्धट वाटते. केंद्रवाला, शेजारचा पोरगा, अंगणवाडीताई हे मधले हात कायम राहणार. सरकारने ते मान्य करावं, त्यांचा मोबदला शासनाने द्यावा आणि त्यांच्या कामाची पावती अर्जदाराला हातात मिळावी. नोंद नाकारली तर कारण मराठीत लिहून मिळावं, आणि खाली अधिकाऱ्याचं नाव असावं. हंगाम संपला की ज्या गटांची पीक पाहणी राहिली त्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी, म्हणजे ‘माझं सोयाबीन उभं होतं, चार जणांनी पाहिलंय’ असं उठून सांगता येईल आणि ते सांगणं ग्राह्य धरलं जाईल. कारखान्याच्या वार्षिक सभेत काट्यावरून आणि नोंदीवरून अध्यक्षांना उभं करणारे सभासद कोपरगाव तालुक्यात कमी नाहीत. त्यांना माईक ओळखीचा आहे. अॅप चालवणाऱ्या खात्याची सभा तेवढी अजून कुणी बोलावलेली नाही.