निरंक

सरकारी कागदावर 'निरंक' हा फार सोयीचा शब्द आहे. थकबाकी निरंक, तक्रारी निरंक. मोजणारा मोजून आला आणि काही निघालं नाही, एवढाच त्याचा अर्थ असायला हवा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अहवालात धोक्यातल्या सस्तन प्राण्यांच्या रकान्यासमोर तो येतो, तेव्हा मात्र कुणी मोजलं, कोणत्या महिन्यात, किती रात्री, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर त्याला कवडीचीही किंमत देऊ नये, असं माझं मत आहे.

कोकणातला एखादा सडा घ्या. जांभ्याचा, एप्रिलमध्ये तापून उजाड झालेला. बऱ्याच प्रकल्पांना पावसाळा सोडून एका ऋतूच्या नोंदी पुरतात. सर्वेक्षणाची माणसं दिवसाउजेडी गाडीनं येतात, फोटो काढतात, जातात. त्या सड्याच्या कडेच्या झाडीत खवले मांजर असेल, तर ते यांना दिसणार कसं? ते रात्री बाहेर पडतं, एकटं हिंडतं आणि दिवस बिळात काढतं. त्याची ओळख पटते ती उकरलेल्या वारुळावरून, बिळाच्या तोंडाशी पडलेल्या ताज्या मातीवरून. पाणमांजर हवं असेल तर ओढ्याकाठचे, खाडीकाठचे खडक धुंडाळायचे. माशांचे काटे आणि खवले असलेली विष्ठा ते ठरावीक जागी टाकतं. वटवाघळांसाठी गुहा हुडकाव्या लागतात, जाळी लावावी लागते, आपल्या कानाला न ऐकू येणारे त्यांचे आवाज टिपणारं यंत्र लागतं. म्हणजे 'सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण' नावाचं एक काम नसतंच. प्राणी बदलला की काम बदलतं, वेळ बदलते, माणूसही बदलावा लागतो.

थोडं गणित करू. समजा एखादा प्राणी त्या जागी राहतो आहे, आणि एका रात्रीत तो आपल्या कॅमेऱ्यासमोरून जाण्याची शक्यता शंभरात पाच आहे. वीस रात्री कॅमेरा लावूनही तो एकदाही न टिपला जाण्याची शक्यता जवळपास ३६ टक्के उरते. ती पाच टक्क्यांखाली आणायला जवळपास साठ रात्री लागतात. दोन-चार दिवसांच्या फेरीचा हिशेब वाचकानं स्वतःच करावा.

बेळगाव जिल्ह्यातल्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३मध्ये झालं. पुढची सुमारे नव्वद वर्षं जगात ते त्या एका गुहेतच असल्याचं ठाऊक होतं. मग ते मेघालयात आणि थेट कंबोडियातही सापडलं. मधली नव्वद वर्षं तिथंही 'निरंक'च होतं की!

आपल्याकडे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेतला अर्ज प्रकल्पाच्या हद्दीपासून पंधरा किलोमीटरच्या आतल्या संवेदनशील जागांची विचारणा करतो. प्रश्न चांगला आहे. उत्तर लिहितो तो प्रकल्पवाला, आणि अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचं बिलही तोच चुकतं करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइट खाणीच्या एका अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं उगवली होती, कारण मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला होता. तो प्रकार पकडला गेला, कारण कोकणात बर्च नाही हे कुणालाही कळतं. पण निरंक कसं पकडणार? त्यात उचललेलं काहीच नसतं.

गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९मध्ये स्थगित केली, ती परिसरातली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट उघड केली नव्हती म्हणून. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली, आज तिथून विमानं उडतात. योगायोग असा की त्याच महिन्यात सत्तरीतल्या गोळावलीला चार वाघ मेलेले आढळले, विषानं. गोव्यात वाघ राहत नाहीत, ते शेजारून येतात नि जातात, असं तोवर तिथं ठासून सांगितलं जात होतं.

'मग शोधत बसायचं तरी किती?' हा प्रकल्पवाल्यांचा प्रश्न मी धुडकावणार नाही. प्राणी नाहीच, हे शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, आणि कल्पनेतल्या वाघापायी रस्ता अडवून धरणंही बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात यावर एक वाट काढली आहे. जागा एखाद्या धोक्यातल्या प्राण्याला मानवणारी असेल, तर विकासकानं ठरलेल्या पद्धतीनं शोध घ्यावा, किंवा तज्ज्ञाचा अहवाल आणावा. नाहीतर प्राणी आहे असंच गृहीत धरून त्याची भरपाई करावी. एका जंगलाची भरपाई दुसरीकडे करण्यावर माझा फारसा विश्वास नाही. पण या नियमानं न शोधणं महाग होतं. आपल्याकडे ते फुकट आहे, किंबहुना फायद्याचं आहे: जितकं कमी शोधावं तितका अहवाल स्वच्छ. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी निघाला तर त्याच्या संरक्षणाचा आराखडा करावा लागतो, त्यावर खर्च होतो. तो निघावा अशी इच्छा या व्यवहारात कुणाला असेल?

गावातल्या माणसाला विचारणं हा स्वस्त आणि बहुतेक वेळा अचूक मार्ग आहे. माळावर मेंढरं घेऊन रात्र काढणाऱ्या धनगराला लांडगा आहे की नाही हे कुणी शिकवायला नको. जनसुनावणीत मात्र तो बोलतो जमिनीबद्दल, मोबदल्याबद्दल, आणि ते साहजिक आहे. त्याच्याकडे आधी, मांडव पडायच्या आत जायला हवं.

एक सावधगिरी मात्र हवी. खवले मांजराच्या खवल्यांची तस्करी चालते, आणि हे अहवाल कुणालाही वाचता येतात. बीळ सापडलं तर त्याचा पत्ता छापू नये. त्या रकान्यात एवढंच लिहावं: आहे, जागा वनखात्याला कळवली आहे.